स्प्रिंग शोधली की फुलं यायची

आमच्या मालकांना जगात पहिलं यायचं होतं. तोवर ते कोलशेतला एका पत्र्याच्या शेडमध्ये स्प्रिंगा बनवत होते आणि बऱ्यापैकी बनवत होते. यंत्रमागांच्या, पंपांच्या, दुकानांच्या शटरच्या. भिवंडीचे मागवाले आणि ठाण्या-कल्याणातले पंप दुरुस्त करणारे हे आमचं गिऱ्हाईक. मी तिथे पत्रव्यवहार सांभाळायचे. राहायला कोपरला, वय पंचविशीच्या आत, बी.कॉम., इंग्रजी टायपिंगच्या दोन्ही परीक्षा पास, आणि डोंबिवलीतल्या एका क्लासमधून कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स केलेला. वेबसाइटची पानं कशी लिहायची हे त्यात शेवटच्या पंधरवड्यात घाईघाईने शिकवलेलं, आणि तेवढ्यावर मी स्वतःला फार कोणीतरी समजत होते.

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. मालक एका संध्याकाळी ठाण्यात कारखानदारांच्या कुठल्याशा सभेला गेलेले. तिथे कोणा पाहुण्याने सांगितलं, की यापुढे गिऱ्हाइकाकडे जायची गरज नाही, वेबसाइट काढा, जग तुमच्या दारात येईल. दुसऱ्या दिवशी मालकांनी आधी शेडच्या दर्शनी भिंतीला रंग द्यायला सांगितलं. जग दारात येणार म्हणजे कोलशेतच्या त्याच दारात येणार, अशी त्यांची समजूत असावी. मग मला विचारलं, "तुला येतं का गं हे वेबसाइटचं?" मी म्हटलं, थोडं थोडं येतं. त्यांनी त्यातलं 'थोडं' तेवढं ऐकलं आणि टेंभी नाक्याजवळच्या एका कन्सल्टंटला बोलावलं.

हा कन्सल्टंट दोन वर्षांपूर्वीपर्यंत कॉम्प्युटरवर पत्रिका छापून द्यायचा. जन्मवेळ सांगा, दहा मिनिटांत कुंडली हातात. धंदा बदलला तरी बोलण्याची तऱ्हा तीच राहिलेली. सगळं भविष्यकाळात आणि सगळं शुभ. टाय बांधून आला, स्प्रिंगांकडे ढुंकून बघितलं नाही, आणि म्हणाला, "आठ दिवसांत सर्च इंजिनवर तुम्हाला पहिल्या पानावर बसवतो." मालकांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. सर्च इंजिन काय असतं ते त्यांना तोवर माहीत नव्हतं, पण त्यात इंजिन हा शब्द होता आणि ते डिप्लोमा इंजिनिअर होते.

साइट झाली. पहिल्या पानावर फिरणारी पृथ्वी, तिच्याखाली लाल मखमलीवर ठेवलेल्या आमच्या पाच स्प्रिंगा आणि बाजूला गुलाबाचं फूल. लग्नाच्या अल्बमचे फोटो काढणाऱ्याकडून ते फोटो काढून घेतलेले. मजकूर असा की आम्ही दर्जा, सचोटी आणि ग्राहकांचं समाधान यांना वाहिलेले आहोत. त्यातला स्प्रिंग शब्द काढून लोणचं घातलं असतं तरी बाकी एक अक्षर बदलावं लागलं नसतं. मालकांनी ऑफिसात पेढे वाटले. नारळ कॉम्प्युटरपुढे फोडू नये, बाहेर पायरीवर फोडावा, एवढं मी त्यांना पटवू शकले.

आठ दिवस झाले. नवव्या दिवशी मालकांनी मला समोर बसवून सर्च इंजिन उघडायला लावलं. मी इंग्रजीत 'स्प्रिंग' टाइप केलं. फोनची तार मोडेमला जोडलेली, पान सावकाश वरून खाली उघडत गेलं आणि त्यात निघाली फुलं. परदेशातल्या वसंत ऋतूची, ट्यूलिपच्या शेतांची. मग गरम पाण्याचे झरे. मग वसंतातल्या सहली, मग स्प्रिंग नावाची तीन-चार गावं. आमचा पत्ता नाही. दुसरं पान, तिसरं पान. अकराव्या पानावर मी थांबले.

"हे फुलांचं काय लावलंय?" मालकांनी विचारलं.

मी सांगितलं की इंग्रजीत वसंतालाही स्प्रिंग म्हणतात आणि झऱ्यालाही. ते चिडले. जगाने वसंताचं नाव बदलायला हवं होतं असा त्यांचा चेहरा झालेला. मग त्यांनी कंपनीचं पूर्ण नाव टाकायला लावलं. त्यावर इंजिनाने कळवलं की असं काही सापडलं नाही. स्वतःच्या वडिलांच्या नावाची कंपनी अस्तित्वातच नाही, असं एका यंत्राने तोंडावर सांगितल्यावर मालक उठून दारावरची पाटी बघून आले.

कन्सल्टंटला फोन केला, तर तो म्हणाला की नेटवर ट्रॅफिक आहे, थोडे दिवस लागतील. मालकांना हे पटलं. कापूरबावडीच्या नाक्यावर रोज अडकणारा माणूस, त्याला ट्रॅफिक म्हटलं की पटतंच.

तेव्हापासून नवा नेम सुरू झाला. सकाळी आल्या आल्या मी इंटरनेट लावायचं आणि आपण कितवे ते मालकांना सांगायचं. आपण कितवेही नव्हतो. तरी दिवसातून चार वेळा बघायचं. कारखान्यात फोनची लाइन एकच. इंटरनेट चालू असलं की बाहेरून फोन करणाऱ्याला एंगेज लागायचा. असे दोन आठवडे गेले आणि एका दुपारी भिवंडीहून एक मागवाला स्कूटरवरून धुळीने माखून दारात आला. आमचं जुनं गिऱ्हाईक. त्याने सांगितलं की तीन दिवस फोन लावतोय, लागत नाही, माझे चार माग बंद पडलेत, मला वाटलं तुमचा कारखाना बंद पडला. मालक आतून ओरडून म्हणाले, दोन मिनिटं बसा, जरा जागतिक काम चाललंय. तो माणूस बाकावर बसला आणि आत मालक आपलं नाव जगात कुठे सापडतं का ते शोधत बसले. माझ्या त्या नोकरीतलं हे सगळ्यात मोठं दृश्य. मी तेव्हा हसले नाही, कारण टाइप मीच करत होते.

मला मात्र कुतूहल होतं. सर्च इंजिनवाल्यांनी मदतीची पानं ठेवलेली असायची, ती कोणी वाचत नसे. मी छापून घेतली आणि डिक्शनरी घेऊन दोन रविवार घरी वाचली. त्यात सगळं साध्या भाषेत लिहिलेलं. एक प्रोग्राम दिवसरात्र नेटवर फिरत असतो. एका पानावर दुसऱ्याची लिंक दिसली की तिकडे जातो, तिथून तिसरीकडे, आणि वाटेत भेटलेल्या पानांची नोंद करत जातो. आमच्या पानाची लिंक जगात कोणीही दिलेली नव्हती, म्हणजे आमच्यापर्यंत यायला त्याला वाटच नव्हती. फॉर्म भरून कळवता येत होतं, पण तसं कळवणाऱ्यांची रांग एवढी, की महिने लागायचे. आणि समजा तो आला, तरी त्याने आम्हाला वर का घ्यावं? तेच शब्द लिहिलेली पानं आधीच भरपूर, वर्षा-दोन वर्षांची, लोकांनी वाचलेली, एकमेकांना सांगितलेली. काल उघडलेल्या पानाबद्दल कोणी काही बोललेलं नाही, तर यंत्राने कशावर विश्वास ठेवायचा?

मी हे मालकांना नीट समजावलं. ते म्हणाले, "अगं, पण आपण चांगले आहोत हे आपण पानावर लिहिलंय ना?"

कन्सल्टंटनेही या सगळ्याचा अर्थ आपल्या परीने काढलेला. मालक फार मागे लागले तेव्हा त्याने आपले खास उपाय काढले. पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत स्प्रिंग हा शब्द दोनशे वेळा लिहिला. माणसाला दिसू नये, यंत्राने मात्र वाचावं. त्यातच त्या काळात गाजणाऱ्या दोन नट्यांची नावंही घातली, कारण लोक तीच जास्त शोधतात म्हणे. मग दुसऱ्यांशी लिंकांची अदलाबदल केली. कोणाशी, तर मेणबत्त्या विकणारा एक, कुत्र्याची पिल्लं विकणारा एक आणि त्याचंच पत्रिकांचं जुनं पान. साइटवर अभिप्रायांची वही होती, तिच्यात त्याने स्वतःच वेगवेगळ्या देशांतून आमची स्तुती लिहिली. एकाच दिवशी, एकाच प्रकारच्या चुका करून, चार खंडांतून आमचं कौतुक झालं. मालकांनी त्याची प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावली.

आणि महिन्याभराने खरोखर आम्ही दिसलो. कंपनीचं पूर्ण नाव टाकलं की सातव्या पानावर यायचो. मालकांनी कन्सल्टंटला शाल दिली. शाल देऊन आठवडा झाला नसेल, आम्ही तिथूनही गेलो. पूर्ण नाव टाका, अर्धं टाका, काही नाही. मदतीच्या पानांत हेही होतं: लपवलेले शब्द सापडले तर पान यादीतून काढून टाकू. मी मालकांना तो परिच्छेद दाखवला. त्यांना तो कोण्या स्पर्धकाचा कट वाटला. वागळे इस्टेटमधल्या एका स्प्रिंगवाल्यावर त्यांचा पहिल्यापासून संशय होता. त्या बिचाऱ्याकडे कॉम्प्युटरही नव्हता. कन्सल्टंट फोन उचलेनासा झाला, आणि मग केवळ दुसरं कोणी उरलं नाही म्हणून मालक मला म्हणाले की बघ तुला काय करता येतंय ते.

मी पहिल्यांदा दोनशे स्प्रिंगा आणि दोन नट्या काढून टाकल्या. मग पृथ्वी काढली. मग बसले लिहायला, आणि कबूल करायला हवं, की मीही तसंच भुक्कड लिहिलं. 'गुणवत्तेची अविरत परंपरा' वगैरे, फक्त इंग्रजी व्याकरण बरं. जेवणाच्या सुट्टीत ते वाचून दाखवलं आमच्या फोरमनना.

फोरमन कोलशेत गावातलेच, कोळी. सगळे त्यांना नाखवा म्हणायचे. तरुणपणी वडिलांच्या होडीवर खाडीत जायचे, पुढे खाडीत कारखान्यांचं पाणी आलं, मासा गेला, आणि नाखवा त्याच कारखान्यांपैकी एकात कामाला लागले. पंचवीस वर्षं ते स्प्रिंगा वळत होते. मी वाचत असताना ते शांतपणे भाकरी खात होते. संपल्यावर म्हणाले, "बाय, यात स्प्रिंग कुठं हाय?"

मला राग आला. मग मी विचारलं की नाखवा, तुम्ही असता तर काय लिहिलं असतं? त्यांनी हात धुतले, खोक्यातून मागवाल्याने परत आणलेली एक तुटकी स्प्रिंग काढली आणि तुटल्या जागेवर अंगठ्याचं नख फिरवत बोलायला लागले. स्प्रिंग बहुतेक आतल्या बाजूने तुटायला लागते, बाहेरून नाही, कारण ताण आत जास्त. इथे बघ, बारीक काळा ठिपका आहे. खाऱ्या हवेत तार उघडी राहिली, गंजाने खड्डा पाडला, तिथून चीर गेली. ही दुसरी बघ, ही वळतानाच हत्याराने ओरखडली. हिचा तुटलेला भाग साखरेसारखा खरबरीत, म्हणजे भट्टीत जास्त तापली. आणि ही चांगलीच होती, पण हिला वेटोळी एकमेकांना टेकेपर्यंत रोज दाबली, तर ती बापडी काय करणार?

तो अर्धा तास मी कागदावर उतरवून घेतला. पुढचे चार दिवस जेवणाच्या सुट्टीत आम्ही तेच केलं. मग ते सगळं मी साध्या इंग्रजीत लिहिलं: स्प्रिंग का तुटते आणि तुटल्या तुकड्यावरून कारण कसं ओळखायचं. मखमल नाही, गुलाब नाही, तुटक्या स्प्रिंगांचे सहा फोटो. मालकांनी ते पान पाहिलं आणि त्यांना धक्का बसला. आपल्या साइटवर तुटलेला माल दाखवायचा? गिऱ्हाईक काय म्हणेल? मी म्हटलं, सध्या गिऱ्हाईक काहीच म्हणत नाहीये, कारण साइट कोणी बघतच नाहीये. हे त्यांना लागलं, पण पान राहिलं.

मग सर्च इंजिनवाल्यांना एक पत्र लिहून कळवलं की लपवलेले शब्द काढले आहेत. उत्तर आलं नाही. एका डिरेक्टरीत, जिथे माणसं स्वतः पान वाचून नोंद करत, तिथे अर्ज टाकला. तिथूनही काही नाही. पाऊस येऊन गेला, नवरात्र झालं, दिवाळी झाली. मालकांचा उत्साह आटला आणि फोनची लाइन पुन्हा गिऱ्हाइकांना मिळू लागली, हा त्या काळातला सगळ्यात मोठा फायदा.

दिवाळीनंतर एक मेल आली. परदेशात कुठल्याशा खेड्यात राहणारा एक निवृत्त माणूस, जुनी शेतीची यंत्रं दुरुस्त करायचा छंद असलेला. तो आमच्यापर्यंत कसा पोचला हे मला आजही माहीत नाही. त्याने विचारलेलं की तुटलेला भाग अर्धा गुळगुळीत आणि अर्धा खरबरीत असेल तर काय समजायचं? मी धावत शेडमध्ये गेले. नाखव्यांनी क्षणभर विचार केला आणि सांगितलं की गुळगुळीत भाग म्हणजे चीर महिनोन् महिने हळूहळू गेली, उरलेला एकदम तुटला. मी तसं कळवलं. मालकांनी मेल वाचून एकच विचारलं, "ऑर्डर किती नगांची आहे?" ऑर्डर नाही म्हटल्यावर त्यांनी कागद परत माझ्या टेबलावर टाकला.

त्या माणसाने मात्र आपल्या पानावर आमची लिंक दिली. त्याच्यासारखी जुनी यंत्रं उघडून बसणारी माणसं देशोदेशी होती, त्यातल्या आणखी दोघा-तिघांनी दिली. त्या वाटेने यंत्र पुन्हा आमच्याकडे आलं असावं, आणि आता पानावर लपवलेलं काही नव्हतं. पुढच्या काही आठवड्यांत, मी सहज म्हणून 'स्प्रिंग का तुटते' असं इंग्रजीत टाकलं, तर आम्ही दुसऱ्या पानावर. महिन्याभराने पहिल्या. मी खुर्चीत तशीच बसून राहिले. मग उठून आधी नाखव्यांना सांगितलं. ते म्हणाले बरं झालं, आणि यंत्राकडे वळले.

मालकांना सांगितलं तर त्यांनी नुसतं 'स्प्रिंग' टाकून बघितलं. फुलं आली. त्यांच्या लेखी विषय तिथेच संपला. पुढे त्या पानावरून पहिली ऑर्डर आली ती नाशिकच्या एका पंपवाल्याची. "नाशिकला तर मी स्कूटरवर गेलो असतो," मालक म्हणाले. त्यांना जर्मनी हवं होतं.

मग त्यांना एक अंकशास्त्रवाला भेटला. त्याने सांगितलं की कंपनीच्या इंग्रजी नावात एक 'ए' कमी आहे, म्हणून यश अडलंय. मालकांनी 'ए' वाढवला. पाटी बदलली, लेटरहेड बदलली, आणि साइटचा पत्ताही बदलला. जुना बंद करून टाकला. मी हातापाया पडून सांगितलं की सगळ्या लिंका जुन्या पत्त्यावर आहेत, दीड वर्षाने यंत्र आत्ता कुठे आपल्याला ओळखायला लागलंय, हे उपटलंत तर उद्या आपण पुन्हा काल उघडलेल्या पानासारखे अनोळखी. ते म्हणाले, "तू नकारात्मक फार बोलतेस." नव्या साइटसाठी नवा कन्सल्टंट आला. ह्याने पान उघडलं की बासरी वाजेल अशी व्यवस्था केली. तुटक्या स्प्रिंगांचं पान अशुभ म्हणून काढलं. मी त्या महिन्याअखेरीस राजीनामा दिला आणि डोंबिवलीच्या एम.आय.डी.सी.त रंगाच्या कारखान्यात लागले. घरापासून वीस मिनिटं. तिथल्या मालकांना जगाशी काही देणंघेणं नव्हतं.

चार-पाच महिन्यांनी जुन्या मालकांचा फोन आला. साइट इतकी सुंदर झाली आहे, बासरी सगळ्यांना आवडते, पण दिसत कुठेच नाही. तेव्हा तू काय केलेलंस, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की मी काही केलं नव्हतं, नाखवा बोलले ते लिहिलेलं. मग ते म्हणाले की म्हातारा तर मार्चमध्ये निवृत्त झाला, आणि तसंही लोकांना ते तांत्रिक वाचायला कंटाळा येतो. मी म्हटलं, असेल.

त्याच सुमारास त्या परदेशातल्या यंत्रवाल्याची, नोकरी सोडताना मी त्याला कळवलेल्या माझ्या स्वतःच्या पत्त्यावर मेल आली. तुमचं पान उघडत नाही, लोक मला विचारतात, ते कुठे गेलं? माझ्याकडे हाताने लिहिलेले कागद होते, पण अर्धेच. एका रविवारी मी कोलशेत गावात नाखव्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोने चहा आणि तळलेले बोंबील समोर ठेवले. नाखवा ओटीवर बसले, डोळे मिटले आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी जास्तच. भट्टीतल्या रंगावरून तार कधी काढायची, ते पूर्वी कधी बोलले नव्हते. मालकांनी कधी विचारलं नाही, म्हणाले.

मी ते टाइप करून पाठवून दिलं. त्या माणसाने स्वतःच्या पानावर ते छापलं, वर लिहिलं की हे भारतातल्या एका कारागिराचं आहे, आणि त्याचं पान जुनं आणि ओळखीचं असल्यामुळे आठवड्याभरात सर्च इंजिनवर पहिलं आलं. आमच्या मालकांच्या कंपनीचं नाव त्यात कुठेही नव्हतं, एक 'ए' घालूनही नाही आणि न घालताही नाही. मी विचारपूर्वक गाळलेलं.